चार तळहातांवरचा पिकअप

पहाटे साडेपाचच्या सुमारास आनंदवाडीच्या धक्क्यावर बर्फाची गाडी लागते. फाळका सोडला की हौद्यातला मुलगा लोखंडी आकड्याने लादी ओढून कडेला आणतो, फळीवर तिरकी करतो आणि हात काढून घेतो. दोघांना उचलायला जड जाईल अशी ती लादी फळीवरून सुळकन उतरते, ओल्या काँक्रीटवर सात-आठ पावलं एकटीच चालत जाते आणि पुढे उभा असलेला कुणीतरी गमबूट आडवा घालून तिला अडवतो. तेवढ्याच वजनाचा मासळीने भरलेला क्रेट त्याच जागेवरून ओढायचा तर दोन गडी लागतात. धक्का तोच, वजन तेच, पण तळ बदलला की सगळंच बदलतं.

देवगडातल्या पिकअपचा बर्फाशी संबंध येतो तो एवढाच. बर्फ हौद्यात असतो, चाकांखाली नसतो. तरीही बर्फावर फोर व्हीलचा पिकअप कसा चालवायचा हा विषय मला परका वाटत नाही. माझा मावसभाऊ कॅनडात कॅलगरीला असतो आणि वर्षातले पाच-सहा महिने त्याची गाडी बर्फातच असते. त्याच्याशी फोनवर बोलताना दर वेळी लक्षात येतं, की तो जे हिमाबद्दल सांगतो ते आमच्या सड्यावरचा जुना चालक तांबड्या चिखलाबद्दल सांगत आलेला आहे. दोघांचा प्रश्न एकच: पायाखाली पकड नसेल तेव्हा दीड-दोन टनांचं लोखंड ताब्यात कसं ठेवायचं?

आमचा सडा म्हणजे जांभ्याचं पठार. लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली वाळूची, म्हणजे सिलिकाची द्रव्यं धुऊन नेली आणि लोह-ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. त्यातून हा तांबडा, भोकाभोकांचा दगड झाला. फ्रान्सिस ब्यूकॅनन याने केरळातल्या अंगाडिपुरमजवळ लोकांना हा दगड खणून विटांसारखा कापताना पाहिलं आणि 1807 मध्ये लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट असं नाव दिलं. आपण त्याचेच चिरे काढून घरं आणि गडगे बांधतो. उन्हाळ्यात या कातळावर टायर घट्ट धरतो, चप्पलही सरकत नाही. मात्र त्याच्या फटीत आणि उतारावर साचलेली माती बारीक, चिकण असते. कोकण किनाऱ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातल्या पहिल्या दोन-तीन सरींतच ही माती लोण्यासारखी होते. जुलैपर्यंत उघड्या कातळावर शेवाळ धरतं. मग बुळबुळीत हा शब्दसुद्धा कमी पडतो.

गोष्ट मेच्या शेवटच्या आठवड्यातली आहे. बागेतला शेवटचा आंबा उतरवून ठेवलेला होता आणि दुपारी वळीव कोसळून गेला. वाडीतून बागेकडे जाणारी घाटी कच्ची, साधारण सहा फूट चालावं तर एक फूट चढावं अशी. पुढे एक रिकामा पिकअप अडकला होता. देवगडातले बहुतेक पिकअप मागच्या चाकांवर चालणारे, तोही तसाच. चालक तरुण होता. तो रेस देत होता आणि मागची चाकं जागेवर गरगर फिरून चिखलाला पॉलिश करत होती. शेजारच्या वाडीतले आबा, ज्यांनी चाळीस वर्षं घाटात गाड्या चालवल्या, काचेशी जाऊन म्हणाले, "झिला, रेस देव नको. चाक फिरता तितका खड्डो आपणच काढतास."

माझ्याकडे त्या दिवशी एका नातेवाइकाचा फोर व्हीलचा पिकअप होता. लो गिअर, म्हणजे फोर व्हीलची सावकाश पण जास्त जोराची पट्टी, टाकला, पहिल्यात घेतला आणि त्याच घाटीवरून, अडकलेल्या गाडीच्या शेजारून, न थांबता वर गेलो. वर चाळीस क्रेट भरले. उतरताना मी तो लो गिअर काढला, गाडी दुसऱ्यात घेतली आणि वळणाच्या आधी ब्रेक दाबला. पुढची चाकं बसली, म्हणजे फिरायची थांबली. गाडी थांबली नाही. स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलेलं असताना ती नाकासमोर सरळ घसरत गेली आणि गडग्यावर आदळली. गडग्याचे चार चिरे ढासळले, बंपर आत गेला. मागच्या फाळक्याला धरून उभा असलेला मुलगा वेळेवर उडी मारून बाजूला झाला होता. तो मुलगा आठवला की अजून माझ्या पोटात गोळा येतो. त्यानंतर मी कुणालाही फाळक्यावर उभं राहू देत नाही.

आबा खाली उतरून आले. गाडीकडे न बघता त्यांनी आधी मुलाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "फोर व्हील गाडी वर काढता. थांबवूचा काम आपला."

या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे, आणि ते उलगडून सांगावं म्हणूनच हा लेख.

गाडी जमिनीला किती जागेवर टेकलेली असते? रिकाम्या पिकअपचं वजन साधारण 1700 किलो धरू. चार चाकांवर वाटलं तर दर चाकावर सव्वाचारशे किलो. टायरमध्ये 35 पौंड हवा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलोचा दाब होतो. म्हणजे दर चाकाचा जमिनीला टेकलेला तुकडा सुमारे 170 चौरस सेंटिमीटर, थोडक्यात हाताच्या पंजाएवढा. चार पंजे. पळणं, वळणं, थांबणं, सगळं त्या चार पंजांनी जमीन किती घट्ट धरली आहे त्यावर. इंजिन कितीही ताकदीचं असो, ते या पंजांच्या पलीकडे काही करू शकत नाही.

ही पकड मोजायला एक आकडा वापरतात, घर्षणांक. कोरड्या डांबरावर तो 0.7 च्या आसपास, ओल्या डांबरावर 0.4 ते 0.5, ओल्या चिकण मातीवर ढोबळमानाने 0.3, दबलेल्या हिमावर 0.2 आणि गुळगुळीत बर्फावर 0.1 किंवा त्याहूनही कमी. अर्थ सरळ आहे: चाकावर 100 किलो भार असेल तर कोरड्या डांबरावर ते 70 किलोचा जोर लावू शकतं, बर्फावर फक्त 10 किलोचा.

आता त्या घाटीचा हिशेब करू. सहात एक चढ, म्हणजे 1700 किलोच्या गाडीला वर ढकलायला साधारण 283 किलोचा जोर हवा. रिकाम्या पिकअपचं इंजिन पुढे असल्याने पुढच्या चाकांवर हजारेक किलो आणि मागच्यांवर सातशेच भार असतो. मागच्या चाकांना मिळणारा जोर 700 च्या 0.3 पट, म्हणजे 210 किलो. हवेत 283. तो तरुण कितीही रेस देऊ दे, ही गाडी चढणार नाही. चारही चाकं जोडली तर अख्ख्या 1700 किलोंचा उपयोग होतो आणि 510 किलोचा जोर मिळतो. म्हणून मी चढलो. त्यात माझं कौशल्य नव्हतं.

याच हिशेबात आणखी एक गंमत लपलेली आहे, आणि आमच्या चालकांना ती कागदाशिवाय ठाऊक असते. भरलेली गाडी रिकामीपेक्षा चांगली चढते. मागच्या आसावर सातशे किलो माल टाकला तर एकूण वजन 2400 होतं, जोर हवा 400 किलोचा, पण मागच्या चाकांवर आता 1400 किलो असल्याने मिळतो 420. काठावर का होईना, गाडी निघते. रिकामा पिकअप पावसात वर न्यायचा असला की आमच्याकडे हौद्यात मागच्या चाकांच्या बरोबर वर दहा-बारा चिरे ठेवतात. मावसभाऊ कॅलगरीत थंडी सुरू झाली की हौद्यात त्याच जागी वाळूच्या पिशव्या टाकतो. मी त्याला चिऱ्यांचं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, वाळू बरी, कारण अडकलो तर पिशवी फोडून चाकाखाली पसरता येते. खरं आहे. शिवाय चिरा तिसेक किलोचा असतो. तो बांधला नाही आणि गाडी कुठे धडकली, तर मागची काच फोडून आत येतो. बांधल्याशिवाय ठेवू नयेत.

चढण्याचा हिशेब इथे संपतो. उतरण्याचा वेगळा आहे.

ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतो, मग ती मागच्या चाकांवर चालणारी असो, पुढच्या असो की चारही. म्हणजे थांबायच्या बाबतीत साध्या गाडीलाही चारही पंजे आधीपासून मिळालेले आहेत, आणि फोर व्हीलच्या गाडीला पाचवा मिळत नाही. ताशी 40 किलोमीटर वेगाने सपाटीवर चाललेली गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून 9 मीटरांत थांबते. ओल्या डांबरावर तिला 15-16 मीटर लागतात, दबलेल्या हिमावर 31 आणि बर्फावर 63. पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी 11 मीटर जातात ते वेगळे. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. यात फोर व्हीलचा लिव्हर कुठेच येत नाही.

उतारावर तर याहून कठीण. दहात एक उतार असेल आणि खाली 0.1 घर्षणांकाचा बर्फ असेल, तर पृथ्वी गाडीला खाली ओढते तो जोर आणि चारही चाकं अडकवून मिळणारा जोर सारखाच होतो. म्हणजे ब्रेक पूर्ण लागलेला असूनही गाडी आहे त्याच वेगाने खाली जात राहणार. हे समजल्यावर माणूस उताराच्या तोंडाशी वेगळ्या मनाने उभा राहतो. थांबायचं ते वरच, घसरण सुरू होण्याआधी.

फसगत कुठे होते, तर चढताना आणि निघताना. निसरड्यावर साधी गाडी निघतानाच चाक फिरवून सांगते की बाबा, इथे पकड नाही. फोर व्हीलची गाडी निमूट निघते, वेग घेते, आणि चालकाला जमिनीचा निरोप पोचतच नाही. तो पोचतो पहिल्या ब्रेकला. मावसभाऊ सांगतो, तिकडे मोसमातलं पहिलं हिम पडलं की हमरस्त्याकडेच्या चरात उतरलेल्या गाड्यांत मोठमोठे फोर व्हील पिकअप हटकून दिसतात.

वळण्याचंही तसंच. पकड शिदोरीसारखी असते, बांधून दिलेली. ती सगळी ब्रेकवर खर्च केली तर वळणासाठी उरत नाही. माझी पुढची चाकं बसली तेव्हा हेच झालं: घसरणाऱ्या रबराला दिशा नसते, स्टिअरिंग कुठेही वळवा. अशा वेळी करायचं ते मनाविरुद्ध आहे. ब्रेक सोडायचा. चाक पुन्हा फिरू लागलं की वळू लागतं. नव्या गाड्यांतलं एबीएस हेच काम सेकंदात अनेकदा करतं, पाय न उचलता. पायाखाली पेडल थरथरतं तेव्हा घाबरून सोडायचं नाही. मात्र सैल खडीवर किंवा भुसभुशीत हिमावर एबीएसने अंतर उलट वाढू शकतं, कारण अडकलेलं चाक आपल्यापुढे मातीची किंवा हिमाची पाचर गोळा करून थांबतं आणि एबीएस ती गोळा होऊ देत नाही. वळण्याची सोय राहते, थांबण्याची थोडी जाते. मागचा भाग एका बाजूला फिरू लागला तर तो ज्या बाजूला चालला आहे त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवायचं, आणि नजर जिकडे जायचं आहे तिकडे ठेवायची. दरीकडे बघणारा माणूस गाडी दरीकडेच नेतो, हे घाटातले चालक शिकाऊ पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगतात.

मग आबांच्या वाक्याला एक पुरवणी जोडायला हवी. फोर व्हील उताराला अगदीच निरुपयोगी नाही. इंजिनच्या ब्रेकवर, म्हणजे गिअरवर, गाडी उतरवताना मागच्या दोनच चाकांवर इंजिन गाडी अडवत असतं. हलक्या पिकअपची मागची चाकं त्या ओढीनेच घसरू शकतात आणि गाडी आडवी होते. चारही चाकं जोडलेली असली तर ती अडवणूक चौघांत वाटली जाते. लो गिअरमध्ये पहिला टाकून, क्लचला पाय न लावता, ब्रेकला जवळजवळ न शिवता गाडी मुंगीच्या पावलाने खाली येते. मी त्या दिवशी नेमका तोच लो गिअर वर काढून ठेवला होता. फोंडा किंवा करूळ घाट उतरताना ज्या गिअरवर गाडी चढते त्याच गिअरवर उतरवायची, हा जुना नियम याच कारणाने आहे. न्यूट्रलवर घाट उतरवून डिझेल वाचवणारे आजही भेटतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं, की असं करू नका.

लिव्हर टाकल्यावर आत काय होतं तेही थोडक्यात बघू. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची पेटी असते. एरवी ती सगळी ताकद मागे पाठवते. लिव्हर टाकला की पुढचा शाफ्ट मागच्याशी दात्यांनी जखडला जातो. दुसऱ्या महायुद्धात 1941 पासून अमेरिकेत लाखोंनी बनलेल्या विलिस जीपमध्ये हीच रचना होती, आणि स्वातंत्र्यानंतर लगेचच्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत ती जीप जोडायला घेतली तेव्हापासून महाराष्ट्रातल्या मिस्त्रींचा तिच्याशी परिचय आहे. जखडणं हा इथला महत्त्वाचा शब्द. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा फेरा घेतात. निसरड्यावर तो फरक चाक थोडं सरकून भागवतं. कोरड्या डांबरावर चाक सरकत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये साचतो, स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणावर कुणी मागे धरल्यासारखी अडते. म्हणून अशा गाडीत डांबरी रस्त्याला लागताच फोर व्हील काढायची.

आणि चार चाकं म्हणजे नेहमी चारच असंही नाही. आसाच्या मध्यावर डिफरन्शियल असतं. ते दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं, त्यामुळे एक चाक शेवाळावर किंवा हवेत गेलं की ते फुकट फिरतं आणि कोरड्यावरच्या जोडीदारालाही तेवढीच क्षीण ताकद मिळते. पुढचं एक आणि मागचं एक चाक असं तिरपं अडकलं तर फोर व्हीलची गाडीही जागेवर उभी राहते. त्यासाठी काही गाड्यांत डिफरन्शियल लॉक असतं. ते नसेल तर चाकाखाली गोणपाट, झावळं, खडी, जे मिळेल ते घालायचं. आमच्याकडे झावळांना तोटा नाही, आणि पातीच्या आडव्या पट्ट्यांवर टायर खरोखर चांगला धरतो.

आता बर्फाकडे. चिखल निसरडा का, ते समजतं. मातीच्या बारीक पापुद्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि ते एकमेकांवरून सरकतात. पण बर्फ तर घन आहे. काचही घन आणि गुळगुळीत आहे, तिच्यावर रबर धरतं. बर्फावरच ते का सुटतं? शाळेत आम्हाला सांगितलं होतं, की दाबाने बर्फ वितळतो आणि मध्ये पाणी येतं. हिशेब केला तर ते पटत नाही. एका वातावरणाच्या दाबाने बर्फाचा वितळणबिंदू अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी खाली येतो. पिकअपच्या टायरचा दाब अडीच वातावरणांचा, म्हणजे फरक फार तर 0.02 अंशांचा. उणे 10 अंशांच्या बर्फाला त्याने काहीच होणार नाही. मायकेल फॅरेडेने 1850 मध्ये वेगळी गोष्ट सुचवली होती: बर्फाच्या पृष्ठभागावर गोठणबिंदूच्या खालीही पाण्यासारखा एक अतिपातळ थर असतोच. दोन बर्फाचे तुकडे एकमेकांना टेकवले की चिकटतात, ते त्या थरामुळे. पुढे 1939 मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी दाखवलं, की घासण्यातून निर्माण होणारी उष्णता आणखी पाणी करते. म्हणजे बर्फ स्वतःचं वंगण स्वतःच तयार करतो.

त्यातून एक उपयोगी गोष्ट निघते. सर्वांत धोक्याचा बर्फ कडाक्याच्या थंडीतला नसतो, तर शून्याच्या आसपासचा, वितळू लागलेला असतो. आनंदवाडीच्या धक्क्यावरची लादी म्हणूनच इतकी सुळसुळीत धावते. तिच्या तळाशी आपल्या हवेने सतत पाणी होत असतं. कॅलगरीत चिनूक नावाचा उबदार वारा रॉकी पर्वतावरून खाली येतो आणि काही तासांत पारा उणे 20 वरून शून्याच्या वर नेतो. दिवसा हिम वितळून रस्त्यावर पसरतं, रात्री तेच पाणी काचेसारखं गोठतं. खालचं काळं डांबर त्यातून आरपार दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. पुलांवर हे आधी होतं, कारण पुलाला वरून आणि खालून दोन्हीकडून गार हवा लागते आणि जमिनीची ऊब मिळत नाही. मावसभावाची खूण अशी: ओल्या रस्त्यावर टायरचा सळसळ आवाज येतो. रस्ता ओला दिसतोय आणि आवाज अचानक बंद झाला, तर खाली बर्फ आहे. पाय हळूच उचलायचा, ब्रेकला हात-पाय लावायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं.

टायरच्या बाबतीत चिखल आणि हिम एकमेकांच्या उलट आहेत, आणि हे मला फार आवडलं. चिखलाच्या टायरला मोठ्या, एकमेकांपासून लांब गाठी असतात. त्यांच्यामधल्या जागेत अडकलेला चिखल फिरण्यासरशी फेकला गेला पाहिजे, नाहीतर टायर गुळगुळीत गोळा होतो. हिमाच्या टायरने उलट हिम धरून ठेवायचं असतं, कारण हिमाला सर्वांत चांगलं हिमच चिकटतं. लहानपणी चित्रात पाहिलेले हिमाचे गोळे त्यामुळेच होतात. म्हणून त्या टायरवर सुरीने चिरल्यासारख्या शेकडो बारीक फटी असतात. शिवाय त्यांचं रबर वेगळं. साधं रबर 7 अंशांच्या खाली हळूहळू टणक होत जातं, जुनी स्लिपर टणक झाली की न्हाणीघरात घसरते तसं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च असे टायर घालणं कायद्याने सक्तीचं आहे. साधी गाडी आणि चांगले हिवाळी टायर हा जोड फोर व्हील आणि साध्या टायरपेक्षा थांबायला आणि वळायला सरस ठरतो. आमच्याकडचं भाषांतर सोपं आहे: गोटा झालेल्या टायरवर फोर व्हील मिरवू नये. पावसाच्या तोंडावर पैसे खर्च करायचे तर आधी टायरवर.

हिम आता मराठी माणसाला फार लांबही राहिलेलं नाही. लष्करासाठी सीमेवरचे रस्ते बांधणारी सीमा रस्ते संघटना 7 मे 1960 रोजी स्थापन झाली, आणि तिच्या ग्रेफ दलाचं केंद्र पुण्यात दिघीला आहे. लडाखच्या खिंडींत डोझर आणि टिपर चालवणारी माणसं दिघीतून जातात. 3 ऑक्टोबर 2020 ला मनालीजवळचा 9.02 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला, आणि डिसेंबरअखेर मुंबई-पुण्याच्या नंबरांच्या गाड्या मनालीहून सिस्सूकडे रांगा लावू लागल्या. हिम पडत असताना पोलीस अनेकदा फक्त फोर व्हीलच्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्यांना पुढे सोडतात. त्याचा अर्थ, ती गाडी अडकून रस्ता अडवणार नाही. ती सुरक्षित थांबेल असा होत नाही. साखळी मात्र खरोखर मदत करते, कारण ती बर्फात रुतते, आणि रुतलेली साखळी ओढायलाही उपयोगी आणि थांबायलाही. फक्त ती लावून वेग 40 च्या वर न्यायचा नसतो, आणि लावायचा सराव घरी, कोरड्या अंगणात करायचा. उणे 5 अंशांत सुन्न बोटांनी पहिल्यांदा साखळी उलगडणाऱ्या माणसाचे हाल मला मावसभावाने सांगितले आहेत.

चिखल आणि हिमानंतर राहिली वाळू. तिच्याबद्दल एवढंच. पुळणीवरची कोरडी वाळू खोल हिमासारखी वागते. टायरची हवा निम्म्यावर आणली की पंजा पसरतो आणि गाडी वर तरंगते, आणि डांबरावर येताच हवा पुन्हा भरावी लागते. पण रापणीची मासळी उचलण्याचं काम असेल तरच गाडी पुळणीवर न्यावी. तांबळडेगच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, आणि भरतीला वाळूत रुतलेली गाडी समुद्र परत देत नाही.

एक गोष्ट मात्र लांबवून सांगायची आहे, कारण ती जीवावरची आहे. पावसात व्हाळाला पूर आला आणि कॉजवेवरून पाणी वाहू लागलं, की फोर व्हीलचा मालक सर्वांत आधी पुढे सरतो. पाण्यात गाडीचं वजन घटतं. दोन फूट उंचीचं पाणी गाडीच्या पोटाला लागलं, की ते तिला खालून उचलतं; गाडीने जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढं वजन चाकांवरून कमी होतं. चाकावरचा भार गेला की पकड गेली, कारण पकड म्हणजे भाराचाच तो एक अंश. मग चार चाकं ओढोत की आठ, ओढायला काही उरत नाही, आणि आडवा प्रवाह गाडीला कडेला नेतो. फूटभर वाहतं पाणी लहान मोटारीला उचलतं, दोन फूट पाणी पिकअपला नेतं. वरून पाण्याखालचा स्लॅब जागेवर आहे की वाहून गेला, हे तांबड्या पाण्यातून दिसत नाही. थांबावं. व्हाळाचं पाणी पाऊस ओसरल्यावर दोन-तीन तासांत उतरतं.

गडगा मी दुसऱ्या दिवशी गवंड्याकडून बांधून दिला. त्यानंतर दोनेक वर्षांनी, जूनमध्ये, मावसभाऊ सुट्टीवर आला होता. आम्हाला वरून खताच्या रिकाम्या गोण्या आणि शिडी आणायची होती आणि रात्रभर पाऊस झाला होता. मी गाडी घाटीच्या तोंडाशी उभी केली. आबा बरोबर होते, त्यांनी मागच्या चाकाला उटी लावली आणि मला खाली उतरायला सांगितलं. मग ते पायातल्या जुन्या चपलेनिशी घाटीवर दहा पावलं चढून गेले, तिथे उभे राहून टाच मातीत रोवून बघितली, उतरताना तीच टाच सरकते का ते बघितलं. वळणाच्या आधीच्या तुकड्यावर चप्पल सरकली. त्या तुकड्यावर आम्ही तिघांनी मिळून घमेल्याने खडी टाकली, अर्धा तास गेला. मावसभाऊ घमेलं भरता भरता मला म्हणाला, की तोही थंडीत रोज सकाळी गाडी काढण्याआधी बुटाचा तळवा अंगणातल्या रस्त्यावर घासून बघतो, आणि हे त्याला तिथे कुणी शिकवलेलं नाही.